नाना चकव्यांचं सातवं पुस्तक

आधीच सांगून मोकळी होते: नाना चकवे नावाचा माणूस या जगात कधी जन्मलाच नाही. पुस्तकाच्या मागच्या पानावर पगडी घातलेल्या, मिशा पिळलेल्या ज्या गृहस्थाचं चित्र छापत, तो कोण होता हे छापणाऱ्यालाही ठाऊक नसेल. पण त्या साली, म्हणजे एकोणीसशे अडतीसच्या सुमाराला, आमच्या वाशीमच्या पोरांना देवानंतर कुणी असेल तर ते नाना. त्यांची हेरकथांची माला अकोल्याहून निघायची. दोन-तीन महिन्यांनी एक पुस्तक मोटारीनं यायचं आणि शाळेत त्याच्यासाठी पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटायची.

त्यातलं सातवं पुस्तक मी लिहिलं. हो, मीच, प्रयागबाई. वाशीमच्या शिवेला लागून आमचा मळा. वांगी, मेथी, लसूण, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि बाजारात नेऊन विकायचं, हा आमचा पिढीजात धंदा. माझं माहेर जऊळक्याचं. बापानं हट्टानं मला मराठी सातवी पास करवलं होतं, आणि सासरी आल्यावर त्या सातवीचं काय करावं हे कुणालाच कळत नव्हतं, मलासुद्धा. दुपारी भाजी राखायला म्हणून मळ्यातल्या खोपीत बसले की मी लिहायची. एक छोटीशी चोरीची गोष्ट लिहून अकोल्याला पाठवली. उत्तर जऊळक्याला माझ्या भावाच्या, जानरावच्या पत्त्यावर आलं. त्यानं ते बाजाराच्या दिवशी गाजरांच्या पाटीत लपवून आणून दिलं.

संपादकांनी लिहिलं होतं: तुमचा हात चांगला आहे, सातवं पुस्तक तुम्ही लिहा. नाना चकवे हे एकाचं नाव नाही, आम्ही चार-पाच जणांकडून लिहून घेतो आणि वर नानांचं नाव घालतो. कोण कोण नाना आहेत हे कुणी कुणाला विचारायचं नाही, आणि स्वतःचंही बाहेर सांगायचं नाही. बाहेर फुटलं तर पुढचं पुस्तक मिळणार नाही.

मी आनंदानं हुरळून ताबडतोब होकार पाठवला. आणि पहिलं वाक्य लिहायला बसले तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की बाई, तू काय करून बसलीस!

कारण त्या मालेतला बारा वर्षांचा हुशार पोरगा, ज्याच्यासोबत खंड्या नावाचा कुत्रा असतो आणि जो दर पुस्तकात चोर पकडतो, त्याचं नाव आणि माझ्या घरधन्याचं नाव एकच. अगदी एकच. ऐकताना काही वाटत नसे. आमची विजयमाला, म्हणजे विजा, दहा वर्षांची, चौथीत. ती ही पुस्तकं मोठ्यानं वाचायची आणि मी जुड्या बांधत ऐकायची. पण लिहायचं म्हणजे माझ्या हातानं! चौदा वर्षं जे नाव मी जिभेवर येऊ दिलं नाही, लग्नात आणि डोहाळजेवणात उखाण्यातून घेतलं तेवढंच, तेही मान खाली घालून, ते आता मी एका पोरट्याला लावू? ‘अमका झाडावर चढला, अमक्यानं शेंबूड पुसला, अमक्याच्या कानशिलात हवालदारानं एक ठेवून दिली’? छे, छे! या गोष्टीतही ते नाव मी लिहिणार नाही, तुम्ही वाट पाहू नका. सासऱ्यांचंही नाही, त्यांना मी मामाजी म्हणते, तुम्हीही तेच म्हणा.

मग मी युक्ती केली. ‘आपला हेर’ म्हटलं, ‘आपला बहाद्दर’ म्हटलं, ‘खंड्याचा मालक’ म्हटलं, आणि शहाण्णव पानं नाव न घेता पार पाडली. गोष्ट आमच्याच धंद्यातली. बाजाराच्या आदल्या दिवशी मळ्यातली मेथी चोरीला जाते, आणि खंड्याचा मालक बाजारभर फिरून जुड्यांच्या गाठी पाहतो. चोर डावखुरा असतो, त्याची गाठ उलटी पडते, आणि तिथंच तो सापडतो. संपादकांना घाई असावी. त्यांनी पुस्तक जसंच्या तसं छापलं.

आता मामाजींबद्दल सांगायला हवं. माणूस मनानं सोनं, पण राग नाकाच्या शेंड्यावर. मी नवी सून असताना एकदा वाचता वाचता माझी भाकर करपली, तेव्हा ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले होते, “चूल जळून राह्यली अन् ही बाई वाचून राह्यली!” त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर कागद हातात धरला नव्हता. त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती. पण नानांच्या पुस्तकांचं त्यांना वेड, आणि त्याचं कारण साधं होतं: आत त्यांच्या पोराचं नाव होतं. दिवस कलला की विहिरीजवळच्या निंबाखाली ते बाज टाकून बसायचे, विजा वाचायची, आणि नाव आलं की ते मांडीवर थाप मारायचे. “पाह्य, पाह्य! माया पोरानं पकडला चोर! घरी थो कोंबडीबी पकडत नाई, पण पुस्तकात पाह्य!” आणि मोटेवरून आमचे हे ओरडायचे, “बाबा, मले सारं ऐकू येते!”

फक्त चौथ्या पुस्तकावर त्यांचा भयंकर राग होता. त्यात एका ठिकाणी आपला हेर ‘वांग्याच्या वेलाआड लपला’ असं होतं. विजानं ते वाचलं आणि मामाजी बाजेवरून ताडकन उठले.

“वांग्याले वेल? अरे, वांग्याले वेल कवापासून यायले लागला? कोण हा नाना? याले माया मळ्यात आणा, मी याले वांग्याखाली निजवतो!”

दोन दिवस त्यांची धुसफूस चालली होती.

आणि मग सातवं पुस्तक आलं. मी लिहिलेलं माझीच पोरगी वाचते आहे, मामाजी ऐकताहेत, आणि मी खाली मान घालून मेथीच्या जुड्या बांधते आहे. पाच पानं झाली नाहीत तोच मामाजी म्हणाले, “हा नाना मळ्यातला माणूस हाये. यानं वाफे पाह्यले हायेत. चवथ्या पुस्तकाचा नाना अन् हा नाना, एक माणूस नाई.” मला हसू आलं आणि रडूही आलं. कौतुक असं भलत्याच नावावर जाताना पाहायचं, आणि तेही चार हातांवर बसून! पण गोड वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मध्येच हात वर केला. “थांब, विजे. माया पोराचं नाव येऊनच नाई राह्यलं.”

विजानं पानं मागेपुढे चाळली. “आबा, वर कव्हरावर हाये. आत कुठीच नाई.”

“काहून नाई?”

“काय माहीत.”

मामाजींची नजर निंबावरून फिरत फिरत माझ्या हातातल्या जुडीवर आली. मी लसूण पाहून येते म्हणून जे उठले, ते पार बांधावर जाऊन थांबले.

महिन्याभरात जानरावनं दुसरं पत्र आणलं. संपादक लिहीत होते: पुस्तक पोरांना फार आवडलं, पण आमच्या नायकाचं नाव कुठं गेलं अशी पत्रांवर पत्रं येताहेत. नववं पुस्तक तुम्हालाच द्यायचं आहे, मात्र त्यात नायकाचं नाव पानोपानी हवं. जमत नसेल तर मोकळेपणानं कळवा, आमच्याकडे दुसरे नाना आहेत.

दुसरे नाना आहेत! माझ्या अंगाची लाही लाही झाली. असतील, वांग्याला वेल लावणारे नाना ढीगभर असतील! पण राग ओसरला तसं मी खोपीत बसून चांगलं रडून घेतलं. मला लिहिणं सोडायचं नव्हतं. चौदा वर्षांत मी भाजी पिकवली, विकली, पोर वाढवली, आणि त्यातलं काही मला नकोसं होतं असं मुळीच नाही. पण खोपीत कागदावर वाकले, की जऊळक्याची ती सातवी पास पोरगी परत यायची, आणि मला तिची सोबत लागायची. संपादकांना खरं कारण कळवावं, तर ते म्हणतील, बरं बाई, तुमची अडचण समजली, राहू द्या. मग ते पुस्तक दुसऱ्या कुठल्या तरी नानाकडे जाईल. मनाचा हिय्या करून मी दौत उघडली. नावाचं पहिलं अक्षर काढायला गेले आणि टाक तिथंच अडला, कागदावर शाईचा हा एवढा डाग पडला. विजाकडून लिहून घ्यावं, तर तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या दिवशी सगळी शाळा दारात आली असती.

शेवटी मी नववं पुस्तक लिहायला घेतलं ते असं: जिथं जिथं नाव यायचं तिथं बोटभर जागा कोरी सोडायची. पुढचं पुढं पाहू म्हटलं. पंधरा दिवसांत पुस्तक झालं, पण जागा कोऱ्याच्या कोऱ्या. आणि संपादकांनी दिलेली मुदत चार दिवसांवर आली होती.

त्या दिवशी सकाळी वाफ्यात पाहते, तर वांग्याचं एक भरलेलं झाड मुळासकट गायब. चांगली सात-आठ वांगी लागलेली होती त्याला. मी चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वांगी तोडून नेली असती तर एक वेळ समजलं असतं, पण झाड कुणी नेतं का? हे मोटेवरून म्हणाले, “विजाची माय, आता तूच चोर पकड.” मला काही हसू आलं नाही.

दुपारी मामाजी गावातून परत आले. खोपीसमोर उभे राहिले, पटका काढून घाम पुसला आणि म्हणाले, “सूनबाई, झाड मीच नेलं.”

“तुम्ही, मामाजी? कुठं?”

“गोपीचंद मास्तरकडं.”

गोपीचंद मास्तर विजाच्या शाळेतले. नाना चकवे म्हणजे तेच, असं सगळं वाशीम कुजबुजत होतं, कारण अकोल्याहून त्यांच्या नावानं पुडकी यायची आणि कुणी विचारलं की ते नुसते गालात हसायचे. त्या हसण्यानं मी किती दिवस धुमसत होते ते माझं मला ठाऊक.

मामाजी पायरीवर टेकले. “थे झाड त्याच्या टेबलावर ठेवलं. मातीसकट. म्हणलं, मास्तर, याले वेल कुठी हाये, दाखोवा मले. मास्तर लाल झाला, मंग हासाले लागला. म्हणे, बाबा, चवथं पुस्तक मायंच हाये, मी शहरातला माणूस, मले वांगं ताटातच माहीत. कोणाले सांगू नका, म्हणे, नाई तं पुढचं पुस्तक जाईन. मी म्हणलं, अन् सातवं? तं म्हणे, सातवं माया हातचं नाई. कोणाचं हाये, मलेबी माहीत नाई.”

म्हणजे मास्तर खोटं हसत नव्हते! तेही नाना होतेच, चौथ्यापुरते. इतके दिवस मी उगाच त्या माणसाच्या नावानं बोटं मोडत होते.

“मंग मी रस्त्यानं इचार करत आलो,” मामाजी म्हणाले. “सातव्याचा नाना मळ्यातला हाये. त्याले उलटी गाठ बरोबर माहीत हाये. अन् त्यानं शंभर पानं लिहली, पण माया पोराचं नाव घेतलं नाई. चुकून एखांद्या खेपेले तरी यावं का नाई? नाई. टाळलं. आता असं नाव कोण टाळते, सूनबाई? बाईमाणूस टाळते. अन् थेही एकच बाई.”

ते माझ्या हाताकडे पाहत होते. मी डावखुरी. आमच्या घरच्या जुड्यांत माझी जुडी कुठली हे आंधळ्यालाही चाचपून कळेल. मी पदर डोक्यावर ओढला आणि आता वीज कोसळणार म्हणून वाट पाहत राहिले.

“लिहिताना भाकर करपली का?”

“नाही, मामाजी.”

“एकबी नाई?”

“एकही नाही.”

“मंग रडून कायले राह्यली?”

मी खरंच रडत होते, मला कळलंही नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. संपादकांचं पत्र, चार दिवसांची मुदत, आणि त्या कोऱ्या जागा. कागदांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मोकळ्या जागा दिसत होत्या. ते एकेका जागेवर बोट टेकवत गेले.

“हे सारं माया पोराच्या नावाचं घर हाये?”

“हो.”

“दुसऱ्या कोणी लिहलेलं नाई चालत?”

“विजा लिहील, पण गावभर करेल.”

“मंग ज्याचं नाव, त्यानंच लिहावं ना!” असं म्हणून त्यांनी मोटेकडे तोंड करून पोराला नावानं अशी हाक मारली, की बैल थांबले.

हे आले. गुडघ्यापर्यंत चिखल, हात ओले. मामाजींनी चार वाक्यांत सगळी हकीकत सांगितली. यांनी माझ्याकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि खो खो हसत सुटले. “अरे बाप्पा! मले वाटलं, माहेरी पत्र लिहून राह्यली. म्हणलं, हिले माहेरची भल्लीच आठवण येऊन राह्यली, रोज चार-चार पानं!”

“हसू नका हो,” मी म्हणाले. “लिहाल का?”

“लिहिन ना. पण मले सहीच येते फक्त.”

हे खरं होतं. दुसरीत शाळा सुटली; नंतर सरकारी कागदासाठी सही शिकले ती तेवढीच. आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव, सगळं एका दमात. मध्येच थांबता येत नसे. थांबले की पुढचं विसरायचे. मी म्हटलं, चालेल, लिहा. हात पुसून ते मांडी घालून बसले. पहिल्या पानावर मी बोट ठेवलं, आणि त्यांनी जीभ दातात धरून, दर अक्षराला श्वास घेत, आपलं सगळं नाव लिहिलं. जागा पुरली नाही. आडनाव समासात गेलं. चौदा वर्षांत मी त्यांना स्वतःचं नाव लिहिताना पाहिलं नव्हतं. माझ्या अक्षरांच्या मध्ये ते वेडंवाकडं नाव येऊन बसलं, आणि मला इतकं बरं वाटलं, की मी पुढचं पान उलटायचं विसरूनच गेले.

“आता कुठी?” त्यांनी विचारलं.

पहिलं प्रकरण सगळं असंच, पूर्ण सहीनिशी झालं. ‘आणि तेवढ्यात’ च्या पुढं यांचं नाव, मामाजींचं नाव, आडनाव, आणि मग ‘झाडावर चढला.’ दुसऱ्या प्रकरणापासून त्यांना पहिल्या नावावर थांबता येऊ लागलं. एकूण दोनशे अकरा जागा होत्या. तीन दिवस दुपारची मोट बंद राहिली. बैल सुखावले आणि मामाजी बाजेवरून ओरडत राहिले, “शाई सांडू नको रे! सातवी पास बाईचा कागद हाये थो!” चौथ्या दिवशी गठ्ठा मोटारीनं अकोल्याला गेला. बाहेर कुणाला काही कळलं नाही. घरात नाना आता तीन झाले होते, आणि तिघांच्याही तोंडाला कुलूप.

मध्ये एकदा गोपीचंद मास्तर बाजारात माझ्या पाटीशी आले आणि मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. गाठ उलटसुलट करून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. जाताना नेहमीसारखे गालात हसले, आणि या वेळी मीही हसले. वर चार वांगी ठेवली आणि म्हटलं, “मास्तर, झाडाची आहेत बरं.”

संपादकांची दोन ओळींची चिठ्ठी आली: नाव पुष्कळ वेळा आलं, आभार. दुसरं अक्षर कुणाचं ते विचारत नाही. पूर्ण नाव आम्ही सगळीकडून काढलं आहे, एक जागा सोडून. अकरावं पुस्तक केव्हा द्याल?

एक जागा कोणती, ते पुस्तक आलं तेव्हा कळलं. निंबाखाली बाज टाकलेली, मी जुड्या बांधत बसलेली, हे मोट सोडून मुद्दाम येऊन उभे राहिलेले. विजानं पहिलं पान उघडलं, पहिलंच वाक्य वाचलं आणि थबकली. त्यात तिच्या बापाचं नाव होतं, त्यापुढं तिच्या आबांचं, मग आमचं आडनाव, आणि त्या नावाचा आपला हेर पहाटे उठून मळ्यात निघाला होता.

“आबा!” ती किंचाळली. “नाना चकव्यानं तुमचंबी नाव लिहलं!”

मामाजींनी पटका काढून मांडीवर ठेवला. डोळे पुसले, आणि चोरासारखं माझ्याकडे पाहिलं.

“परत वाच, पोरी,” ते म्हणाले. “हळू वाच.”

विजानं परत वाचलं. मी जुडी बांधत होते, आणि गाठ दोनदा सुटली.